‘ट्रेकियाला सूट, मग लॅर्निक्सला का नाही?’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार, तुमची प्रतिक्रिया कडक आहे पण मुद्दा रास्त आहे, म्हणून एका ओळीत न उरकता सविस्तर लिहितोय. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की स्वरयंत्राला ‘लॅरिंक्स’च म्हणा, ‘लॅर्निक्स’ चूक, असं मी ठासून सांगितलं आणि त्याच दमात श्वासनलिकेचे मात्र ‘ट्रेकिया’ आणि ‘ट्रकीआ’ हे दोन्ही उच्चार चालतात म्हटलं, हा दुटप्पीपणा झाला. शिवाय समोरच्याला कळलं की झालं, उच्चाराचं एवढं काय घेऊन बसायचं.

आधी ट्रेकिया. अमेरिकेत जोर पहिल्या ‘ट्रे’वर, ब्रिटनमध्ये तो ‘की’वर, आणि जोर पुढे सरकला की पहिला स्वर दबतो, म्हणून ‘ट्रकीआ’ ऐकू येतं. बस, एवढाच फरक. स्पेलिंगमधलं एकही अक्षर जागचं हललेलं नाही आणि दोन्हीकडचे डॉक्टर आपापला उच्चार प्रमाण धरतात. कुणी ‘ट्रेचिया’ म्हणालं तर मात्र मी नक्की टोकेन, कारण स्पेलिंगमधला तो सी-एच ग्रीकमधून आलाय आणि तिथे ‘क’च लागतो.

लॅर्निक्समध्ये गोष्ट वेगळी आहे, तिथे आवाजांची अदलाबदल झालीय. स्पेलिंग बघा, एल-ए-आर-वाय-एन-एक्स, म्हणजे आर नंतर वाय आणि मग एन. लॅर्निक्स म्हणताना आपण एन उचलून वायच्या आधी आणतो. हे तोंडात करूनच बघा ना, ‘अंक’ म्हणा आणि अनुस्वारावर थांबा, जिभेचं टोक मोकळं असतं आणि मागचा भाग टाळूला टेकलेला असतो, लॅरिंक्समधला अनुस्वार अगदी तोच. आता ‘निक्स’ म्हणा, जिभेचं टोक लगेच पुढे वरच्या दातांमागे जाऊन टेकतं. लिंक्स नावाचं रानमांजर असतं त्याच्या यमकात बसतो हा शब्द, लॅ आणि रिंक्स.

आणि माझ्या मते निर्णायक गोष्ट ही, की स्वरयंत्राला सूज आली तर सगळे, लॅर्निक्स म्हणणारेसुद्धा, लॅरिंजायटिसच म्हणतात. लॅर्निजायटिस म्हणालेलं कुणी ऐकलंय का? तपासायची नळी लॅरिंगोस्कोप, काढायचं ऑपरेशन लॅरिंजेक्टमी. मूळ ग्रीक शब्दाच्या अंगात ‘ग’ आहे, शेवटी एक्स आला की तो लपतो आणि पुढे प्रत्यय लागला की बाहेर येतो. घशाचं फॅरिंक्स-फॅरिंजायटिस, गर्भनलिकेचं सॅल्पिंक्स-सॅल्पिंजायटिस, बोटांच्या हाडांचं फॅलँक्स आणि अनेकवचन फलँजीझ, माकडहाडाचं कॉक्सिक्स आणि कॉक्सिजिअल, सगळं एकाच घराण्यातलं. म्हणून विद्यार्थ्यांना मी नेहमी सांगतो की अडलात तर आधी लॅरिंजायटिस म्हणा, मग शेपूट कापा, जीभ आपोआप बरोबर जागी जाते.

‘लोक बोलतात तीच भाषा’ हे तुमचं म्हणणं मी मोडीत काढत नाही. इंग्रजीतला ‘बर्ड’ पूर्वी ‘ब्रिड’ होता, ‘थर्ड’ हा ‘थ्रिड’ होता, म्हणजे अशी अदलाबदल रुळतेसुद्धा. पण ज्याला आज परीक्षा द्यायचीय, रिपोर्ट लिहायचाय, त्याने चुकीचं बोलत राहिलं की हातूनही तसंच चुकीचं स्पेलिंग उतरतं, हे मी पेपर तपासताना सारखं बघतो आणि मनापासून वाईट वाटतं कारण बाकी उत्तर उत्तम असतं. पेशंटने काहीही म्हणू दे, त्याला तिथे टोकणं मला अजिबात पटत नाही. शिकणाऱ्याची गोष्ट वेगळी.

अर्थात उच्चार चोख असला म्हणजे सगळं भागलं असंही नाही. लहान आतड्याचा शेवटचा भाग इलियम आणि कमरेचं रुंद हाडही इलियम, स्पेलिंगमध्ये एका ई आणि आयचा फरक आणि कानाला दोन्ही एकच! म्हणून आतड्याच्या त्या भागाच्या अगदी शेवटच्या टोकाला ‘टर्मिनल इलियम’ आणि हाडाला ‘इलियाक बोन’ असं जोडशब्दाने बोललेलं बरं. पायाच्या बाजूचं पेरोनियल आणि गुदद्वाराजवळचं पेरिनियल यांचंही तेच, उतावीळपणे बोललं तर कळतच नाही, पेरोनियलऐवजी ‘फिब्युलर’ म्हणायला लागले ते बरंच झालं.

शेवटी तुम्ही विचारलंय, लहान आतड्याच्या पहिल्या भागाला ड्युओडीनम म्हणायचं की ड्युऑडिनम? ब्रिटनमध्ये पहिलाच, जोर ‘डी’वर. अमेरिकेत दोन्ही ऐकाल. तुम्हाला सवय असेल तो खुशाल ठेवा.