‘घरीच दारू सोडवा’ या मेसेजला उत्तर

‘व्यसनमुक्तीच्या मीटिंगांच्या नादी लागू नका, दारू घरीच सुटते’ असा एक मेसेज नाशिकमधल्या सोसायट्यांच्या आणि नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरतो आहे. त्याचं म्हणणं असं: अल्कोहोलिक्स अनॉनिमस म्हणजे एए (दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांच्या मदतीसाठी चालवलेले ग्रुप) च्या मीटिंगा मुंबई-पुण्याच्या लोकांसाठी असतात, तिथे पैसे उकळतात, चर्चमध्ये नेऊन धर्म बदलतात, गावभर बोभाटा होतो आणि जाणारे परत पितातच. त्यापेक्षा माणसाला आठ दिवस खोलीत कोंडा आणि न सांगता चहातून गोळी द्या. आमच्या घरात दारू होती. एए च्या मीटिंगांनी ती थांबलेली मी पाहिली आहे, म्हणून हे लिहिते.

शेवटच्या सल्ल्यापासून सुरुवात करते, कारण त्यात माणूस दगावू शकतो.

वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तोडली की शरीर बंड करतं. हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भ्रम होतो: नसलेली माणसं दिसतात, वेळ-जागेचं भान सुटतं, ताप चढतो, नाडी धावते. घरच्यांना वाटतं, नाटक करतोय, आणि ते कडी आणखी घट्ट लावतात. अशा वेळी त्याला दवाखान्यातच न्यायला हवं. आधी दारू तोडताना फिट आली असेल किंवा सकाळी उठल्याबरोबर प्यावी लागत असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकदम बंद करू नका. त्र्यंबक रोडवरच्या सिव्हिल हॉस्पिटलात मानसोपचाराची सोय आहे. त्रास आवरायची औषधं आणि थायामिन (बी-१ जीवनसत्त्व) देऊन हे दिवस सुखरूप पार करता येतात.

चहातली गोळी बहुतेक वेळा डायसल्फिराम असते. ती पोटात असताना दारू घेतली की चेहरा लाल होतो, उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो. हृदयाचा किंवा लिव्हरचा आजार असेल तर जिवावर बेततं. डॉक्टर ती देतात ते तपासण्या करून, माणसाला सगळं समजावून आणि त्याच्या संमतीनं. चोरून दिलेल्या गोळीत ज्याला सावध राहायचं त्यालाच काही माहीत नसतं. आणि हे पुढे कळलं, की घरच्या चहावरचाही त्याचा विश्वास उडतो. नवऱ्याच्या काळजीनं असं करणाऱ्या बायकांना मी दोष देत नाही. त्यांना हा मार्ग सुचवणाऱ्यांचा मात्र मला राग येतो.

आता पैसे. एए ला फी नाही, नावनोंदणी नाही. मीटिंगमध्ये ऐच्छिक वर्गणी गोळा होते, तीही मेंबरांचीच. बाहेरच्यांची देणगी घेत नाहीत. अट एकच, दारू सोडायची इच्छा.

धर्माचा मुद्दा निघतो, कारण काही ग्रुप चर्चच्या हॉलमध्ये भरतात. काही शाळेत भरतात, काही इतरत्र. जागा स्वस्तात आणि नेमानं मिळाली पाहिजे, एवढंच त्यामागे असतं. १९३५ मध्ये अमेरिकेतल्या ॲक्रनमध्ये एका शेअर दलालानं आणि एका सर्जननं हे सुरू केलं. एए च्या दारू सोडण्याच्या बारा पायऱ्यांमध्ये देवाचा उल्लेख येतो हे खरं, पण तो ‘आपल्याला उमगला तसा’ देव. ज्याला हे रुचत नाही त्यानं समुपदेशन आणि औषधांचा मार्ग घ्यावा. दोन्ही एकत्रही चालतं.

बोभाट्याची भीती मला समजते. नाशिक कितीही वाढलं तरी गावकी सुटलेली नाही. पण तिथे बसलेला प्रत्येक जण त्याच कारणानं आलेला असतो. आडनाव सांगावं लागत नाही, पहिल्या दिवशी नुसतं ऐकलं तरी चालतं. ज्याच्या पिण्याचे तमाशे गल्लीनं पाहिले आहेत, त्याचं मीटिंगला जाण्यानं आणखी काय उघडं पडणार?

‘परत पितातच’ हेही अर्धसत्य आहे. काही जण घसरतात आणि पुन्हा येतात. कोक्रेन ही उपचारांवरचे अभ्यास एकत्र तपासणारी संस्था; तिच्या २०२० च्या आढाव्यात २७ अभ्यास आणि १०,५६५ माणसं होती. वर्षभरानं पूर्ण दारूमुक्त राहिलेले एए च्या वाटेनं गेलेल्यांत सुमारे ४२ टक्के, इतर उपचार घेतलेल्यांत ३५ टक्के होते. बहुतेक अभ्यास अमेरिकेतले आहेत, आणि ४२ म्हणजे सगळे नव्हेत. पण ‘उपयोग शून्य’ म्हणणाऱ्याला हे आकडे पुरेसं उत्तर देतात.

राहिला ‘मुंबई-पुण्याच्या लोकांसाठी’ हा मुद्दा. मीटिंग शोधायची तर एए इंडियाच्या वेबसाइटवरून किंवा हेल्पलाइनवरून नाशिकचे ग्रुप विचारा. दिवस आणि जागा बदलतात, म्हणून निघण्याआधी फोन करा. पिणाऱ्यानं स्वतः फोन केला तर उत्तम. विचारायचं एवढंच: मीटिंग मराठीत आहे का, ओपन आहे की क्लोज्ड? ओपनला घरचेही बसू शकतात, क्लोज्ड फक्त दारूचा प्रश्न असलेल्यांसाठी. सातपूर-अंबडला शिफ्ट असेल तर वेगळ्या वाराच्या मीटिंगची, नाहीतर ऑनलाइन मीटिंगची चौकशी करा. पहिला ग्रुप मानवला नाही तर दुसरा पाहा. व्यसनमुक्तीसाठी सरकारची १४४४६ ही टोल-फ्री हेल्पलाइन आहे, मानसिक त्रासासाठी टेलिमानसची १४४१६.

आणि तो यायला तयारच नसेल, तर घरच्यांनी एकट्यानं अल-अनॉनच्या मीटिंगला जावं. ती नातेवाइकांसाठीच असते, आणि तिथे जायला त्याच्या होकाराची गरज नाही.