नायजेरियातील मुलांच्या स्ट्रोकबद्दल

नायजेरियातील मुलांच्या स्ट्रोकवरच्या लेखात सगळा भर सिकलसेलवर (लाल रक्तपेशी विळ्यासारख्या वाकवणाऱ्या आनुवंशिक आजारावर) आहे. नायजेरियापुरता तो बरोबरच आहे, पण क्षयाचा मेंदुज्वर, एचआयव्हीमुळे रक्तवाहिन्यांना येणारी सूज आणि संधिवाती तापाने बिघडलेल्या हृदयाच्या झडपांतून सुटणारी गुठळी ही कारणंही शोधायलाच हवीत. जुलाबाने कोरड्या पडलेल्या बाळात तर मेंदूच्या शिरेतच रक्त गोठू शकतं.

लक्षणांचंही तसंच. मुलांत स्ट्रोकची सुरुवात पुष्कळदा आकडीच्या झटक्याने होते. ताप आणि झटका दिसला की मलेरिया धरला जातो, आणि नंतरचा हाताचा लुळेपणा 'झटक्याचा थकवा' म्हणून सोडून दिला जातो. तो दिवसभरात ओसरला नाही तर स्कॅन हवाच. वर्षाच्या आतलं बाळ खुळखुळा कायम एकाच हाताने ओढत असेल, दुसरी मूठ मिटलेलीच राहत असेल, तर ते 'डावखुरं' नाही. जन्माच्या सुमाराचा स्ट्रोक असू शकतो.

सिकलसेलच्या मुलांची २ ते १६ वर्षांत दरवर्षी कानशिलावरून डॉपलर तपासणी (ध्वनिलहरींनी मेंदूच्या रक्तवाहिन्यांतल्या रक्ताचा वेग मोजणं) करावी. वेग सेकंदाला २०० सेंमी किंवा जास्त भरला तर स्ट्रोकचा धोका मोठा. मूल जागं आणि शांत हवं: झोपेत आकडा फुगतो, रडताना घटतो. अशा मुलाला स्ट्रोक टाळण्यासाठी नियमित रक्त देतात; ते मिळणं अवघड असेल तिथे हायड्रॉक्सीयुरिया हे औषध द्यावं, मात्र रक्तपेशींची मोजणी चुकवू नये.

आपल्या गडचिरोली-नंदुरबारच्या सिकलसेलग्रस्त मुलांत गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन (जे पेशींना वाकण्यापासून वाचवतं) बहुधा जास्त टिकतं, त्यामुळे स्ट्रोक तुलनेने कमी दिसतो. कमी म्हणजे शून्य नव्हे.