"ॲड्रेनॅलिन वाढलं की झालं", इतकं साधं नाहीये ते

नमस्कार. हार्मोन सिंपथेटिक नर्व्हना (बीपी आणि ठोके वाढवणाऱ्या, आपोआप चालणाऱ्या नर्व्ह) कसे चालू करतात यावरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया तीनदा वाचली. "ॲड्रेनॅलिन वाढलं की सिंपथेटिक नर्व्ह चालू होतात, एवढं साधं आहे, तुम्ही हार्मोन आणि मेंदूचा उगाच घोळ घातलाय, आधी नीट वाचा मग लिहा." मतभेद असू द्या हो, पण "आधी नीट वाचा" ही काय बोलायची रीत झाली? मी हा विषय शिकलोय, रात्री जागून लेख लिहिलाय.

एक चूक मान्य. बॅरोरिसेप्टर, म्हणजे बीपी जोखणारे संवेदक, फक्त मानेतल्या धमनीच्या फुगीर भागात, कॅरोटिड सायनसमध्ये, नसतात, महाधमनीच्या कमानीतही असतात. ते लेखात राहिलं, दुरुस्त करतो.

आता तुमचं "एवढं साधं". ही सरळ उलटी गंगा आहे! ॲड्रिनल ग्रंथीच्या गाभ्यातून ॲड्रेनॅलिन सुटतं तेच मुळी सिंपथेटिक नर्व्हचा संदेश तिथे पोचला की. आधी नर्व्ह, मग ॲड्रेनॅलिन.

विद्यार्थी असताना एका प्रयोगात मी स्वतः पाय सरळ ठेवून दोन तास पडून होतो, गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला नर्व्हमध्ये बारीक सुई, बाजूला स्पीकर. सिंपथेटिक नर्व्ह ऐकू येते, नाडीच्या तालात फुस्स, फुस्स असे झटके. श्वास रोखून धर म्हणाले, धरला, थोड्या वेळात झटके दाट आणि मोठे झाले, सोडला आणि दोन-चार ठोक्यांत सगळं शांत. रक्तात सुटलेलं ॲड्रेनॅलिन असं एका श्वासात निघून जातं का? या नर्व्हचा लगाम मेंदूच्या बुंध्यातून, मेड्युलातून ओढला जातो. बीपी चढलं की बॅरोरिसेप्टर तिथल्या पेशींना दाबतात, उतरलं की सोडतात.

मग हार्मोनचं काय? ते त्याच लगामाला हात घालतात. अँजिओटेन्सिन २ हे बीपी वाढवणारं हार्मोन रक्तातून मेंदूत सहज शिरत नाही, पण सबफोर्निकल ऑर्गन नावाच्या छोट्या भागात रक्त आणि मेंदूमधला अडसर कच्चा असतो, तिथे ते लागू पडतं, तिथून संदेश जातो मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसला, तिथून मेड्युला आणि मज्जारज्जू, आणि नर्व्ह जोरात चालू. याला घोळ म्हणायचं?

लेप्टिन (चरबीतून सुटणारं हार्मोन) आणि "सगळं उंदरांवरचं" या तुमच्या बाकीच्या आक्षेपांवर बोलत बसत नाही, माझा वरचा प्रयोग माणसावरच होता.

पुढे लिहायचं असेल तर अँजिओटेन्सिनच्या परिच्छेदावर लिहा, मूळ लेखातला तो परिच्छेद तुम्ही वाचलेला दिसत नाही.