पुन्हा तहकूब!

आमच्या महापालिकेची सर्वसाधारण सभा परत तहकूब. कारण नेहमीचंच, श्रद्धांजली. अहो, वाहा ना श्रद्धांजली, दोन मिनिटं स्तब्ध उभे राहा आणि मग कामाला बसा! विषयपत्रिकेवर आमच्या गल्लीच्या ड्रेनेज लाइनचा विषय आहे. जोराचा पाऊस झाला की चेंबरचं झाकण उचललं जातं आणि मैलापाणी थेट तळमजल्यावरच्या घरांच्या उंबऱ्याला लागतं. तो विषय प्रत्येक सभेत पुढे ढकलला जातोय.

आणि सभा झालीच, तर शेवटी घाईघाईत ‘ऐनवेळचे विषय’, म्हणजे विषयपत्रिकेवर नसलेले विषय, येतात. ना चर्चा, ना खर्चाचे आकडे, नुसतं ‘मंजूर, मंजूर’!

राज्यघटनेचं कलम २४३ यू सांगतं की मुदत संपण्याआधी निवडणूक झाली पाहिजे. तरी मुंबईची मुदत ७ मार्च २०२२ ला संपली आणि मतदान झालं थेट जानेवारी २०२६ मध्ये. तोवर सगळा कारभार सरकारनं नेमलेल्या प्रशासकाच्या हाती. आमच्याकडेही तेच. इतकी वर्षं वाट पाहून निवडून दिलंय तुम्हाला, सभागृहात तोंड उघडा की! तहकूब सभेची पुढची तारीख तिथल्या तिथे जाहीर करा, आणि ड्रेनेजचा विषय सगळ्यात आधी घ्या.