‘तोंडावर पाप सांगणं हेच खरं प्रेम’ म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

ईस्टरआधीचा उपवासकाळ लागला की आमच्या वसईत व्हॉट्सॲपवर एक फॉरवर्ड फिरायला लागतो, धर्मग्रामाच्या (म्हणजे आमच्या चर्चच्या वस्तीच्या) ग्रुपवर, आळीच्या ग्रुपवर, मामे-चुलत भावंडांच्या ग्रुपवर, सगळीकडे तोच. ज्यांना आला नसेल त्यांच्यासाठी त्यात काय म्हटलंय ते थोडक्यात सांगतो. ‘दोष काढू नका’ हे येशूचं वाक्य पापी लोकांनी ढाल करून ठेवलंय. खरं प्रेम म्हणजे समोरच्याचं पाप त्याच्या तोंडावर सांगणं. येशूने व्यभिचारी बाईला ‘पाप करू नको’ म्हणून ठणकावलं, मंदिरात चाबूक उचलला, प्रेषित पौलाने पाप्याला मंडळीतून हाकलायला सांगितलं, आणि जुन्या करारातला संदेष्टा यहेज्केल म्हणतो तू सांगितलं नाहीस तर त्याचं रक्त तुझ्या माथी. चर्च मवाळ झालं म्हणूनच तरुण पोरं चर्च सोडतायत. खाली संत गोन्सालो गार्सियाचं चित्र, ‘सत्यासाठी मरण पत्करणारा आपला वसईकर’ असं लिहिलेलं. त्याखाली हात जोडलेल्या इमोजींची रांग.

यातले प्रसंग सगळे बायबलमध्ये आहेत, त्याबद्दल वाद नाही. पण प्रत्येक प्रसंग जिथे आपल्याला सोयीचा आहे तिथेच कापलाय.

सुरुवात त्या ढालीपासून. मत्तयच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ आणि स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ येतं ते सगळ्यांना पाठ आहे. फॉरवर्डवाले म्हणतात की येशू शेवटी कुसळ काढायला सांगतोच ना, मग आम्ही काढतोय. बरोबर, सांगतो, पण आधी स्वतःचं मुसळ काढ म्हणतो आणि मग तुला नीट दिसेल म्हणतो. आणि डोळ्यात खरंच कुसळ गेलं तर माणूस कोणाकडे जातो? ज्याच्या हाताचा भरवसा आहे त्याच्याकडे, जो पापणी हळू उचलेल, पदराच्या टोकाने काढेल, आणि हे करताना बाकीच्या आळीला हाका मारून बघायला बोलावणार नाही.

आता ती बाई. योहानाचा आठवा अध्याय. फॉरवर्डमध्ये ‘पुढे पाप करू नको’ एवढंच आहे, जणू येशूने तिला भर चौकात झापलं. मुळात क्रम असा आहे की शास्त्री-परूशी, म्हणजे यहुदी धर्मपंडित, तिला धरून आणतात, मध्ये उभी करतात, दगड मारायचे का म्हणून विचारतात, येशू खाली वाकून जमिनीवर लिहीत बसतो, मग म्हणतो तुमच्यात जो निष्पाप असेल त्याने पहिला दगड टाकावा, आणि ते एकेक करून निघून जातात, आधी म्हातारे. सगळे गेल्यावर, दोघंच उरल्यावर तो तिला म्हणतो की मीही तुला दोषी ठरवत नाही, जा, आणि यापुढे पाप करू नको. म्हणजे आधी तिचा जीव वाचवला, तेही स्वतःला धोका पत्करून, कारण तो सगळा सापळा त्याच्यासाठीच लावला होता, मग दोषी ठरवत नाही म्हणाला आणि सगळ्यात शेवटी, खाजगीत, पापाचं बोलला. आपण यातलं शेवटचं वाक्य उचललं आणि ते ग्रुपवर टाकलं!

आणि एक गोष्ट मला दरवेळी खटकते. जुन्या करारातल्या लेवीय २० मध्ये व्यभिचाराची शिक्षा पुरुष आणि स्त्री दोघांनाही आहे, मग तो पुरुष कुठे होता? प्रत्यक्ष कर्म करताना धरली म्हणतात, एकटी धरली का? त्या गर्दीला हा प्रश्न पडला नाही आणि आमच्याकडेही पडत नाही. पोरगी पळून गेली की पोरीच्या घरावर बोट आणि पोराला ‘वय आहे, चालायचंच’.

चाबकाचं लवकर आटपतो. येशूने मंदिरात कोणाला हाकललं? गुरंमेंढरं-कबुतरं विकणाऱ्यांना आणि सराफांना. कबुतरं ही गरिबांची अर्पणं, ज्यांना मेंढरू परवडत नाही त्यांच्यासाठी, लूकमध्ये खुद्द मरिया आणि योसेफ तेच अर्पण करायला जातात. तेव्हा तो राग देवाच्या नावावर गरिबाकडून पैसे काढणाऱ्यांवर होता. मत्तय २१ मध्ये चौदावी ओळ वाचा, हे सगळं झाल्या झाल्या आंधळे आणि लंगडे मंदिरात त्याच्याकडे आले आणि त्याने त्यांना बरं केलं. तो राग बघून ते पळाले नाहीत, उलट आत आले. आपल्या रागाने कोण आत येतं आणि कोण बाहेर जातं, एवढं बघितलं तरी कळतं.

पौल. करिंथच्या मंडळीत एकाने बापाची बायको ठेवली होती, त्याला बाहेर काढा असं १ करिंथ ५ मध्ये, म्हणजे पौलाने त्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात आहे. त्याच अध्यायात, थोडं खाली, लोभी, चहाडखोर आणि दारुडे हेही त्याच यादीत आहेत. ती यादी प्रामाणिकपणे लावली तर जमिनीच्या व्यवहारात सख्ख्या भावाला फसवलेले किती जण पहिल्या बाकावरून उठतील ते मला सांगू नका. आणि त्याच ठिकाणी पौल म्हणतो की बाहेरच्यांचा न्याय करणं हे माझं काम नाही. पुढे २ करिंथ २ मध्ये तो एका शिक्षा झालेल्या माणसाबद्दल लिहितो, पुष्कळांच्या मते तो हाच माणूस, की झाली तेवढी शिक्षा पुरे, आता त्याला क्षमा करा, धीर द्या, नाहीतर तो दुःखात बुडून जाईल. हे दुसरं पत्र कुठल्याच फॉरवर्डमध्ये नसतं.

आता ‘तोंडावर सांगणं’. इथे मला जरा जास्त बोलायचंय, कारण आमच्याकडे तोंडावर कोणी सांगतच नाही हो. रविवारची मिस्सा (चर्चमधला प्रार्थनाविधी) सुटली की चर्चच्या गेटबाहेर, मासळीवालीच्या टोपलीपाशी, कोलंबीचा भाव करता करता जे चालतं ते सगळं पाठीमागे चालतं. आमच्या ओळखीतली एक मुलगी नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून माहेरी आली, केस चालू होती, ती मिस्सेला यायची आणि सगळ्यात मागच्या बाकावर बसायची, ख्रिस्तप्रसाद (मिस्सेतली पवित्र भाकर) घ्यायला रांग लागली की ही जागेवरच. का, तर कोणीतरी मावशीने तिच्या आईला सांगितलं की घटस्फोट घेणाऱ्यांना चालत नाही. हे साफ चूक आहे. नुसता कोर्टाचा घटस्फोट झाला म्हणून ख्रिस्तप्रसाद बंद होत नाही, प्रश्न येतो तो चर्चने पहिलं लग्न रद्दबातल ठरवलेलं नसताना दुसरं लग्न केलं तर. आणि कॅनन कायद्याचं, म्हणजे चर्चच्या स्वतःच्या कायद्याचं, ११५३ वं कलम स्पष्ट म्हणतं की जोडीदारामुळे जिवाला किंवा मनाला गंभीर धोका असेल तर वेगळं राहता येतं. म्हणजे चर्चने जे दार उघडं ठेवलं ते मावशीने लावून घेतलं, आणि तिची समजूत अशी की आपण सत्य सांगितलं. गेटवर मात्र ‘अजून नांदायला जात नाय का ती?’ एवढंच. तिला वकिलाचे पैसे कसे भरतेस, पोराला शाळेत कोण सोडतं, हे विचारणारं कोणी नाही. मग ती शेजारच्या धर्मग्रामात मिस्सेला जायला लागली, रिक्षाचा खर्च करून.

दुसरा प्रकार मयताचा. कर्जापायी एका तरुण मुलाने जीव दिला, घरात शव ठेवलेलं, आणि अंगणात प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसलेली माणसं हळू आवाजात विचारतायत, ‘मिस्सा होईल का रे याची? चर्चच्या जागेत घेतील का?’ हळू म्हणजे किती हळू, आतल्या खोलीत आईला ऐकू जाईल इतकं. १९१७ च्या कॅनन कायद्यात अशा माणसाला चर्चचा अंत्यविधी नाकारायची तरतूद होती हे खरं, पण १९८३ च्या कायद्यातून ती गेली, आणि चर्चची अधिकृत शिकवण मांडणाऱ्या १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथात २२८२ आणि २२८३ क्रमांकाला लिहिलंय की मानसिक आजार, तीव्र भीती, यातना यांनी माणसाची जबाबदारी कमी होते आणि अशांच्या तारणाबद्दल निराश होऊ नये, चर्च त्यांच्यासाठी प्रार्थना करतं. कायदा बदलून चाळीस वर्षं उलटली, अंगणातल्या खुर्च्यांना अजून खबर नाही.

आणि त्याच ग्रंथात २४७७ क्रमांक आहे, तो या फॉरवर्डच्या मुळावरच येतो. पुरेसा आधार नसताना दुसऱ्याचा दोष मनातल्या मनात जरी खरा धरला तरी तो अपराध. दोष खरा असला तरी, सबळ कारण नसताना, ज्यांना माहीत नाही त्यांना तो सांगितला तर तोही अपराध. खरा असला तरी! ‘खोटी साक्ष देऊ नको’ या आठव्या आज्ञेखाली येतं हे सगळं. म्हणजे ज्याला आपण पाप उघडं करणं म्हणतो त्यातला बराचसा भाग आपल्यालाच धर्मगुरूपुढे कन्फेशनमध्ये सांगायला लागेल असा आहे.

यहेज्केलचं मग काय? पहारेकऱ्याची गोष्ट आहे ती, देवाने त्याला त्या कामावर नेमलं होतं. ग्रुप ॲडमिन म्हणजे संदेष्टा नव्हे. आणि येशूने स्वतः कसं सांगायचं ते मत्तय १८ मध्ये घालून दिलंय, भावाने अपराध केला तर त्याच्याकडे जा आणि तुम्ही दोघंच असताना बोला. दोघंच.

‘चर्च मवाळ झालं म्हणून पोरं गेली’, यावर मुद्दाम बाहेरचा आकडा देतो. अमेरिकेतल्या बार्ना ग्रुप या संशोधन संस्थेची एक पाहणी २००७ साली छापून आली, चर्चच्या बाहेर असलेल्या १६ ते २९ वयाच्या मुलांना ख्रिस्ती लोक कसे वाटतात असं विचारलं होतं, त्यात ८७ टक्के म्हणाले की दुसऱ्यांचे दोष काढणारे. अमेरिका म्हणजे वसई नाही, मान्य. पण ‘मवाळ आहेत’ ही काही त्या पोरांची तक्रार नव्हती. पोप फ्रान्सिस २०१३ च्या जुलैमध्ये रिओहून परतताना विमानात समलिंगी माणसांबद्दल बोलताना ‘मी कोण न्याय करणारा’ म्हणाले, त्यावरून आमच्याकडे अजून नाकं मुरडतात, पण तेव्हा त्यांनी आधार घेतला तो याच १९९२ च्या ग्रंथाचा, अशा माणसांना आदराने, करुणेने वागवा असं सांगणारा. तो ग्रंथ काढला जॉन पॉल दुसरे यांनी, त्यांना मवाळ म्हणणारा मी तरी बघितला नाही.

गोन्सालो गार्सियाचं चित्र त्या मजकुराखाली लावणं मला सगळ्यात गमतीचं वाटतं. वसईचा हा मुलगा, बाप पोर्तुगीज, आई इथलीच. जेसुइट या संघाच्या धर्मगुरूंबरोबर जपानला गेला, वर्षानुवर्षं त्यांचं काम केलं, पण त्यांनी त्याला आपल्यात काही घेतलं नाही. मग मनिलाला जाऊन तो फ्रान्सिस्कन या दुसऱ्या संघात गेला, तेही साधा ब्रदर म्हणून, धर्मगुरू नव्हे. जपानला परतल्यावर या फ्रान्सिस्कनांनी कुष्ठरोग्यांसाठी दवाखाने चालवले, ज्यांना कोणी शिवत नव्हतं त्यांच्यासाठी. ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीत २६ जणांना क्रुसावर मारलं त्यात तो होता, आणि १८६२ मध्ये संत जाहीर झाला. ज्याला आधी दारातच थांबवून ठेवलं होतं त्याचं चित्र आपण दुसऱ्याला दारात थांबवायला वापरतोय.

‘मग काय दारू पिणाऱ्याला दारू सोड म्हणायचंच नाही का’, असं एका काकांनी ग्रुपवर विचारलं. म्हणा की. पण दारू सोडू पाहणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स अनॉनिमसची मीटिंग एकदा बघून या, ती माणसं कसं सांगतात ते बघा, बोलणारा प्रत्येक जण आधी ‘मी दारुडा आहे’ म्हणतो आणि मग स्वतःचीच गोष्ट सांगतो, समोरच्याला एक शब्द नाही, रात्री उशिरा फोन आला तरी उचलतात, दोनदा घसरला तरी तिसऱ्यांदा खुर्ची देतात. तिथे जाऊन दारू सुटलेली माणसं आमच्या आळीत आहेत, फॉरवर्ड वाचून सुटलेला अजून भेटायचाय.