‘हवं ते नाव’ तिथे ठेवता येत नाही

उत्तर युरोपातल्या मुलींच्या नावांवरच्या लेखातली यादी सुरेख आहे, पण त्यातलं ‘उत्तर युरोपात आईबाप मुलीला हवं ते नाव ठेवू शकतात’ हे वाक्य पार चुकीचं आहे. डेन्मार्कमध्ये मंजूर नावांची सरकारी यादी असते. त्याबाहेरचं नाव हवं असेल तर आधी अर्ज करून परवानगी घ्यावी लागते आणि जन्मापासून सहा महिन्यांच्या आत नाव नोंदवावंच लागतं. स्वीडनमध्ये ही मुदत तीनच महिन्यांची. मंजूर नावांची यादी तिथे नाही, पण मुलाला पुढे त्रास होईल असं नाव नाकारलं जातं.

खरी कसोटी लागते ती आइसलँडमध्ये. तिथली नामसमिती १९९१पासून नवं नाव तपासते ते व्याकरणावर. आपल्याकडे घोडा, घोड्याला, घोड्याचा होतं, तशी तिथे माणसांची नावंही विभक्तीत बदलतात. लेखातलं ‘हिल्दुर’च बघा: तिला म्हणायचं तर ‘हिल्दी’, तिचं म्हणायचं तर ‘हिल्दार’. ‘आन्ना’चं ‘ओन्नु’ होतं. नावाला षष्ठीचा प्रत्यय लागत नसेल तर ते अडकतं. ‘हॅरिएट’चं तेच झालं. स्पेलिंगही आइसलँडिक लिपीत बसायला हवं, आणि सी, क्यू, डब्ल्यू ही अक्षरं त्या लिपीत नाहीतच. मुलींची नावं वेगळी, मुलांची वेगळी हे बंधन मात्र २०१९च्या कायद्याने गेलं, आणि ते फार बरं झालं. तिकडे राहणाऱ्या मराठी आईबापांनी तरी नाव पक्कं करण्याआधी त्या देशाचा नियम वाचावा. लेखात निदान एवढी सूचना हवी होती.