एसआयपीला ती भागाकाराची पद्धत लावू नका

तुमच्या लेखात एकूण नफा भागिले गुंतवलेली रक्कम, मग भागिले वर्षं असं करून वार्षिक परतावा काढलाय, ते एकरकमी एफडीला ढोबळमानाने चालेल एकवेळ, पण एसआयपीला (म्हणजे दरमहा ठरावीक रक्कम म्युच्युअल फंडात टाकण्याला) अजिबात नाही हो. दरमहा १०,००० टाकले, बारा हप्ते म्हणजे १,२०,००० झाले आणि पहिल्या हप्त्याला वर्ष झालं त्या दिवशी व्हॅल्यू १,२८,००० आहे, तर तुमच्या पद्धतीने पावणेसात टक्केसुद्धा येत नाहीत, पण शेवटचा हप्ता तर फक्त महिनाभरच कामाला होता ना! एक्सआयआरआर लावा (एक्सेलसारख्या शीटमधलं सूत्र, प्रत्येक हप्त्याची तारीख धरून वार्षिक परतावा काढतं), साधारण साडेबारा टक्के येतं. एका कॉलममध्ये तारखा, शेजारी रकमा, भरलेले पैसे मायनसमध्ये आणि शेवटी आजची व्हॅल्यू प्लसमध्ये, बस्स.

तारखांकडे मात्र नीट बघा. शीटचं सेटिंग अमेरिकन असेल तर ०५/०४ म्हणजे ५ एप्रिलऐवजी ४ मे धरतं, आणि २५/०४ ला तारीखच मानत नाही, नुसता मजकूर म्हणून डावीकडे चिकटून बसतं, मग एरर. आमच्या कोथरूडच्या सोसायटीत बऱ्याच ज्येष्ठांना शीट करून दिलीय, दरवेळी हेच निघतं.

विम्याच्या पॉलिसीलाही एक्सआयआरआर लावून बघा प्लीज. 'वीस वर्षांत दुप्पट' ऐकायला भारी वाटतं, पण एकरकमी भरले असतील तर ते वर्षाला जेमतेम साडेतीन टक्के आहे, बहुतेक बँका लांब मुदतीच्या एफडीला त्याहून जास्त देतात.

आणि दोन महिन्यांच्या गुंतवणुकीवर एक्सआयआरआर काढू नका, ४ टक्के वाढ झाली तरी तोच वेग वर्षभर राहील असं धरून ते २६ टक्के दाखवतं.